मुंबई-पुणे विमान: अंतर सव्वाशे किलोमीटर, मग तिकिटावर तास का?

तुम्ही विचारलंय की विमान ताशी आठशे किलोमीटरने उडतं, मग मुंबईहून पुण्याला दहा मिनिटांत पोचायला हवं. तिकिटावर तासाभराचा वेळ का असतो? आणि दुबईहून येणाऱ्या तुमच्या आईने मुंबईत उतरून पुढे विमानच घ्यावं का?

मुंबईचा सहार विमानतळ ते पुण्याचा लोहगाव विमानतळ, सरळ रेषेत अंतर साधारण १२४ किलोमीटर. गणित तुमचं बरोबर आहे, पण आठशेचा वेग या प्रवासात कधी येतच नाही. दहा हजार फुटांखाली २५० नॉटची, म्हणजे ताशी सुमारे ४६३ किलोमीटरची मर्यादा असते. जरा वर जावं तोच उतरायची तयारी सुरू.

त्यात दिशेचा घोळ. मुंबईहून उड्डाण बहुतेक वेळा पश्चिमेला, समुद्राकडे होतं आणि पुणे आहे आग्नेयेला. मी एका पावसाळ्यात या विमानाने गेले होते. आधी जुहूचा किनारा, मग नुसतं करडं पाणी, मग मोठा वळसा घेऊन पुन्हा जमिनीवर! सह्याद्री बघायचा म्हणून मुद्दाम खिडकी घेतली होती, ढगांनी काहीच दिसू दिलं नाही. हवेत आम्ही अर्ध्या तासाच्या आसपास होतो. त्याहून जास्त वेळ मुंबईत धावपट्टीच्या रांगेत गेला.

ही रांग तिकिटावरच्या वेळात धरलेली असते. तो वेळ विमान मुंबईत जागेवरून हलल्यापासून पुण्यात जागेवर थांबेपर्यंतचा. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. लोहगाव तर मुळात हवाई दलाचा तळ, तिथे लढाऊ विमानांचीही ये-जा असते.

मुंबईत राहणाऱ्याने पुण्यासाठी विमान घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तास-दीड तास आधी पोचा, तपासणी करा, उतरून सामानाची वाट बघा. तेवढ्यात डेक्कन क्वीन तुम्हाला सीएसएमटीहून थेट पुणे स्टेशनात सोडते, १९२ किलोमीटर, सव्वातीन तासांच्या आसपास.

आईंचं मात्र वेगळं. दुबई ते पुणे एकच तिकीट असेल आणि मुंबईत मध्ये तीनेक तास मिळत असतील, तर विमान जरूर घ्या. इमिग्रेशन आणि कस्टम्स मुंबईतच होतं, बॅगा ताब्यात घेऊन पुन्हा द्याव्या लागतात, म्हणून एवढा वेळ हवाच. तिकिटं वेगवेगळी असतील तर नको. पहिलं विमान रखडलं की दुसऱ्याचे पैसे बुडतात. त्यापेक्षा न्यायला गाडी पाठवा आणि एक्सप्रेसवेने आणा. आणि गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच व्हीलचेअरचं सांगून ठेवा, आयत्या वेळी मागितली की ताटकळावं लागतं.