तारेचा शॉक लागल्याच्या केसमध्ये वडिलांनी प्ली बार्गेनिंग केलं, तर सगळं मिटेल का?

तुमच्या प्रश्नावरून समजलं ते असं : वडिलांनी रानडुकरांसाठी तुरीच्या वावराला तार लावली, आकडा टाकून करंट सोडला. पहाटे शेजारचे काका तारेला लागले, पाय भाजला, ते अजून नागपूरला भरती आहेत. त्याच तारेवर एक डुक्करही मेलं. वकील म्हणतात, प्ली बार्गेनिंग करा, म्हणजे गुन्हा कबूल करून, जखमीशी तडजोड करून कमी शिक्षा घ्या, सगळं मिटेल.

मी यवतमाळ जिल्ह्यात एका तालुका कोर्टात फौजदारी वकिली करतो. सगळं मिटणार नाही. मिटेल ती फक्त काकांच्या दुखापतीची केस.

तार एकच, पण गुन्हे तीन. दुखापतीची केस पोलिसांची. त्यात शिक्षा सात वर्षांपर्यंतची असेल तर तडजोड होते, काकांना भरपाई मिळते, आणि पहिलाच गुन्हा असेल तर शिक्षाही बरीच कमी होते. आकड्याची वीजचोरी वेगळी. तिथे वीज कायद्याच्या कलम १५२ खाली पैसे भरून केस मिटवता येते, पण आयुष्यात एकदाच. डुकराची केस वनविभागाची, वन्यजीव कायद्याखालची. दुखापतीच्या केसमधल्या तडजोडीने ती मिटत नाही.

एका गुन्ह्याची दोनदा शिक्षा नाही, हे संविधानाच्या कलम २०(२) मध्ये आहे आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३३७ मध्येही. पण त्याच ३३७ मध्ये एक अपवाद आहे, आणि मला काळजी त्याची वाटते. शिक्षा झाली तेव्हा जो परिणाम घडलाच नव्हता, तो नंतर घडला आणि त्यातून वेगळा गुन्हा बनला, तर त्याचा नवा खटला चालतो. कायद्यातलं उदाहरणच असं आहे की, जबर दुखापतीची शिक्षा झाली, नंतर जखमी माणूस मेला, तर सदोष मनुष्यवधाचा खटला भरता येतो. काका बरे होवोत, पण भाजलेल्या माणसाचं पंधरा दिवसांनीही बिघडू शकतं.

म्हणून घाई करू नका. प्ली बार्गेनिंगच्या अर्जाला दोषारोप निश्चित झाल्यापासून, म्हणजे कोर्टाने आरोप ठरवल्यापासून, ३० दिवस मिळतात. तोवर दवाखान्यात जाऊन काकांची तब्येत बघा, डॉक्टरांशी बोला. अर्जात वडील जे कबूल करतील ते दुसऱ्या कामासाठी वापरता येत नाही, हे संरक्षण त्याच संहितेचं कलम २९९ देतं. पण निकालात ते दोषी ठरतात, निर्दोष सुटत नाहीत, आणि त्या निकालावर नेहमीचं अपील करता येत नाही. न्यायाधीश वडिलांना एकट्याला आत बोलावून विचारतील, स्वखुशीने करता का? तेव्हा वडिलांना हे सगळं माहीत असलं पाहिजे. आज रात्रीच त्यांना समोर बसवून समजावून सांगा.