लिओ वराडकर सार्वत्रिक निवडणूक न जिंकताच आयर्लंडचे पंतप्रधान कसे झाले?

प्रश्नातला गोंधळ आधी सोडवू. न जिंकता म्हणजे ते कधी निवडूनच आले नव्हते असं नाही: वराडकर डब्लिन वेस्ट मतदारसंघातून २००७ पासून खासदार होते. पेशाने डॉक्टर, आई आयरिश नर्स, वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या घराण्यातले डॉक्टर. १९९९ ची स्थानिक निवडणूक हरले, २००३ मध्ये रिकाम्या जागेवर नगरसेवक म्हणून नेमले गेले आणि पुढच्याच वर्षी दणक्यात निवडून आले. २०११ पासून परिवहन, आरोग्य, समाजकल्याण अशी खाती सांभाळली.

२०१७ मध्ये मात्र देशात निवडणूक नव्हतीच. पंतप्रधान आणि पक्षनेते एंडा केनी पायउतार झाले आणि सत्ताधारी फिन गेल पक्षाला नवा नेता हवा होता. वराडकरांसमोर पक्षातलेच सायमन कोव्हेनी उभे होते. सगळी गोम पक्षाच्या घटनेत आहे. तिथे प्रत्येकाच्या मताला सारखं वजन नसतं. खासदार, सिनेटर आणि युरोपीय संसदेतले सदस्य मिळून ६५ टक्के, साधे पक्षसदस्य २५ टक्के, नगरसेवक १० टक्के. साध्या सदस्यांनी कोव्हेनींना ६५ टक्के मतं दिली, म्हणजे तिथे वराडकर सपशेल मागे पडले. पण ७३ जणांच्या संसदीय गटातले ५१ त्यांच्या बाजूने गेले. आता हिशेब करा: संसदीय गटाच्या ६५ टक्क्यांतले सुमारे ४५, सदस्यांच्या २५ मधले जेमतेम ९, नगरसेवकांच्या १० मधले साडेपाच. बेरीज ६० च्या घरात. कार्यकर्त्यांचा कौल एकीकडे आणि निकाल दुसरीकडे लागतो तो असा.

पक्षनेता झालं म्हणजे पंतप्रधानपद आपोआप मिळत नाही. ‘डॉल’ या कनिष्ठ सभागृहाने नाव मंजूर करावं लागतं. १४ जून २०१७ ला ५७ विरुद्ध ५० असं मतदान झालं, ४७ जण तटस्थ राहिले. फिन गेलकडे बहुमत नव्हतं. फियाना फॉल या विरोधी पक्षाने आधीच्या समझोत्यानुसार मतदान टाळलं, म्हणून ५७ मतं पुरली.

जनतेसमोर पंतप्रधान म्हणून ते पहिल्यांदा गेले २०२० मध्ये, आणि तिथे दमछाक झाली. मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात. चार जागांच्या मतदारसंघात वैध मतांच्या पाचव्या हिश्शापेक्षा एक मत जास्त, हा निवडून यायला लागणारा कोटा. तेव्हा चार जागा असलेल्या डब्लिन वेस्टमध्ये पहिल्या पसंतीत शिन फेन या पक्षाचा उमेदवार पुढे निघाला. वराडकरांचा कोटा पुढच्या पसंतीची मतं मिळत मोजणीच्या पाचव्या फेरीत भरला.