पीई लहान दिसतो म्हणून खाणीचा शेअर स्वस्त समजायचा का?

प्रश्न : धानाचे चुकारे अन् बोनस मिळून 80 हजार हाती आले. माझा साळा मँगनीजच्या खाणीत कामाला आहे, तो म्हणते माल जोरात निघून राहिला, खाणीचे शेअर घेऊन टाका. मोबाईलवर पाहिलं तर एका कंपनीचा पीई (एका शेअरची किंमत त्यामागच्या वर्षाच्या नफ्याच्या किती पट, तो आकडा) फक्त 6 दिसला. सगळेच टाकून देऊ काय?
– एक वाचक, तुमसर तालुका

उत्तर : भाऊ, सगळे नका टाकू. 2015 ची तूर आठवा, डाळ 200 रुपये किलो झाली, मग पुढच्या हंगामात जो तो तूरच पेरत सुटला आणि 2017 मध्ये हमीभाव क्विंटलला 5050 रुपये असताना लोकांना त्याच्याही खाली विकावी लागली. खनिजाचं असंच असते, फक्त तूर एका हंगामात घरी येते अन् नव्या खाणीला जमीन, परवाने, रेल्वे धरून कितीतरी वर्षं लागतात, म्हणून तेजी लांबते अन् मंदीही लांबते. लोहखनिज 2011 च्या सुरुवातीला टनाला 180 डॉलरच्या वर होतं, 2015 च्या डिसेंबरात 40 च्या खाली आलं, 2021 च्या मेमध्ये परत 200 च्या वर गेलं.

आता तो पीई. समजा एक टन काढायला 8 हजार खर्च येते अन् भाव 10 हजार आहे, तर नफा 2 हजार. भाव 14 हजार झाला की नफा थेट 6 हजार, म्हणजे तिप्पट, खर्च तर तेवढाच आहे. पीई मागच्या वर्षाच्या नफ्यावर निघते, अन् तेजीत तो नफा असा फुगलेला असते, म्हणून ऐन तेजीच्या टोकावरच तो सगळ्यात लहान दिसते, आणि नवीन माणूस नेमका तिथंच फसते. मंदीत नफा आटला की तोच पीई मोठा दिसते, तेव्हा कोणी विचारत नाही. खाणीसाठी पाच-सात वर्षांचा सरासरी नफा पाहा, कर्ज किती ते पाहा.

साळ्याची माहिती खरी असेल, पण इथल्या खाणीतून माल किती निघते त्यावर भाव ठरत नाही, साऱ्या जगाच्या मागणी-पुरवठ्यावर ठरते. मँगनीज मुख्यतः स्टीलमध्ये जाते, अन् जगातलं निम्म्याच्या आसपास स्टील एकटा चीन बनवते, त्याची मागणी मोठी. मार्च 2024 मध्ये मेगन चक्रीवादळानं ऑस्ट्रेलियातल्या ग्रूट आयलंडच्या मँगनीज खाणीचा जहाजाचा धक्का मोडला, निर्यात थांबली, भाव एकदम चढला, इकडं मॉईल या मँगनीज काढणाऱ्या सरकारी कंपनीचा शेअरही पळाला, अन् वर्ष सरायच्या आत भाव उतरलासुद्धा.

पऱ्हे, रोवणी, खताचे पैसे आधी बाजूला काढा, त्याला हात नको. उरले त्यातले 10-15 हजार, तेही एकदम नाही, तीन-चार वेळा थोडे थोडे करून, आणि ते पैसे पाच वर्षं तुम्हाला लागणार नसतील तरच.