लेकीला मरिनाच्या यार्डात कामाला जायचंय, जाऊ द्यावं का?

ताई, पत्र मिळालं. लेक कितीतरी वर्षं डिंगी, म्हणजे छोटी शिडाची बोट, चालवतेय, रेसमधे उतरते, आता बारावी झालीय आणि जिथे सराव करते त्याच मरिनाच्या मालकांनी तिला शिकाऊ म्हणून घ्यायची तयारी दाखवलीय. त्यांचा धंदा रेसिंग बोटींच्या देखभालीचा, शिवाय शेडमधे एक जुनी लाकडी यॉट उघडून ठेवलीय, तिचं रिस्टोरेशन चाललंय. लेकीचा जीव त्या यॉटमधे अडकलाय आणि बाबा म्हणतायत आधी इंजिनिअरिंग, हौस नंतर. तुम्ही विचारलंय की यात खरंच करिअर आहे का, की चार वर्षांनी पोरगी तिथेच पॉलिशपेपर घासत बसलेली असेल.

माझं उत्तर सरळ आहे, दोन वर्षं जाऊ द्या, पण दोन्ही कामं शिकायला मिळणार असतील तरच. नुसती यॉट नको आणि नुसत्या रेसिंग बोटीही नकोत.

मरिना म्हटलं की लोकांना वाटतं बोटींचं पार्किंग. जागेचं भाडं येतं हे खरं, पण रेसिंगवाले आले की कामाची तऱ्हाच बदलते, रेस शनिवारी असेल तर बोट शुक्रवारी तयार हवी, सबब चालत नाही. ट्रॅव्हल लिफ्टने बोट वर काढायची, तळाला चिकटलेलं शेवाळ आणि शंखशिंपले खरवडायचे, मग तळ हाताने चाचपत गुळगुळीत करायचा कारण तिथला खडबडीतपणा थेट वेग खातो, मास्ट म्हणजे डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारांचा ताण मोजून लावायचा, तारेचा एक पदर जरी तुटलेला दिसला तरी अख्खी तार बदलायची. वेगवेगळ्या बनावटीच्या बोटी एकाच रेसमधे उतरवायच्या तर आयआरसीसारखं रेटिंग लागतं, म्हणजे बोटीच्या वेगाप्रमाणे तिची वेळ जुळवून घ्यायचा आकडा, त्यासाठी वजनं-मापं चोख द्यावी लागतात. आयएलसीए ६ या एकट्याने चालवायच्या डिंगीसारख्या ऑलिंपिक क्लासमधे तर उलटंच, सगळ्या बोटी एकसारख्या, शीड सगळ्यांना तेच ५.७६ चौरस मीटरचं, बोटीत फेरफार करायला वाव जवळजवळ नाही, त्यामुळे सगळी भिस्त नीट ठेवणीवर. तारा-दोर बसवणारा रिगर, शिडं शिवणारा सेलमेकर, फायबरचं काम करणारा कंपोझिट टेक्निशियन, बोटबिल्डर हे सगळे वेगवेगळे पेशे आहेत आणि यार्डाचं महिन्याचं गणित बहुतेक याच कामांवर चालतं.

लाकडी यॉटचं काम अगदी वेगळ्या चालीचं. काही उघडायच्या आधी तिचा आकार मोजून कागदावर उतरवायचा, आधार द्यायचे, कारण सगळ्या फळ्या एकदम काढल्या तर बोट पसरते आणि मूळ आकार हातचा जातो. मग छोट्या हातोडीने एकेक फळी वाजवत जायचं, चांगलं लाकूड टणक वाजतं, कुजलेलं भद्द. कूज बऱ्याचदा वरून येते, डेकच्या फटीतून झिरपलेल्या पावसाच्या पाण्याने, खाऱ्या पाण्यात लाकूड त्या मानाने टिकतं, म्हणून सराईत माणूस आधी डेकखालचे कोपरे टोचून बघतो. बरगड्या, म्हणजे फळ्यांना आतून आकार देणाऱ्या वाकवलेल्या पट्ट्या, बदलताना लाकूड वाफेच्या पेटीत ठेवतात, जाडीच्या दर इंचाला साधारण तासभर, आणि बाहेर काढलं की मिनिटभराच्या आत जागेवर दाबून क्लॅम्प आवळायचे, उशीर झाला की ते ताठरतं नाहीतर तडकतं. त्या मिनिटात विचारायला वेळ नसतो, शेजारच्याचा हात कुठे येणार ते आधीच माहीत असावं लागतं. फळ्यांच्या फटीत सुताचा पीळ ठोकायचा, वर पुट्टी, आणि इतकं करूनही बोट पाण्यात सोडली की सुरुवातीला पाणी घेतेच, लाकूड फुगून फटी मिटेपर्यंत पंप लावून जागत बसायचं. रंधा आणि पटाशी हातात बसायला वर्षं जातात ताई, हे शॉर्ट कोर्समधे होत नाही.

आणि या दोन जगांचा एकमेकांशी संबंध नाही असं बाबांना वाटत असेल तर त्यांना डोरेड या यॉटबद्दल सांगा. १९३० ची लाकडी बोट, डिझाइन करणारा ओलिन स्टीफन्स तेव्हा २१-२२ वर्षांचा पोरगा. १९३१ ला तिने अटलांटिक पार करायची रेस जिंकली, १९३६ ला कॅलिफोर्निया ते हवाई ही ट्रान्सपॅक जिंकली, आणि नंतर रिस्टोर होऊन त्याच ट्रान्सपॅकमधे २०१३ ला हँडिकॅपवर, म्हणजे रेटिंगप्रमाणे वेळ जुळवल्यावर, पुन्हा पहिली आली, म्हणजे ७७ वर्षांनी! अशी बोट रेसला उभी करायची तर जुनं लाकूड कळणारी आणि रेसचा ताण कळणारी अशी दोन्हीकडची नजर लागते, आणि अशी माणसं फार थोडी असतात. तुमच्या लेकीकडे रेसची अर्धी बाजू आत्ताच आहे, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

इंजिनिअरिंगला माझा विरोध नाही. उलट दोन वर्षांनी तिला नेव्हल आर्किटेक्चर, म्हणजे जहाज-बोटींचं डिझाइन, घ्यावंसं वाटलं तर ज्या बरगड्या तिने स्वतः वाकवल्यात त्यांचीच गणितं ती वर्गात सोडवेल. यॉट सर्व्हेयर हाही रस्ता आहे, बोट विकत घेताना किंवा विमा काढताना तपासणी करणारा माणूस, त्यात यार्डातल्या अनुभवाला फार किंमत. रीतसर शिकायचं तर इंग्लंडमधे लोस्टॉफ्टचं बोटबिल्डिंग कॉलेज १९७५ पासून आहे, अमेरिकेत न्यूपोर्टला आयवायआरएस ही यॉट रिस्टोरेशन शिकवणारी शाळा १९९३ पासून, तिथे विद्यार्थी बीटल कॅट नावाच्या १२ फुटी लाकडी बोटी दुरुस्त करत शिकतात. पण तिकडची फी, व्हिसा वगैरे विचार आत्ता नको, आधी हे काम तिला रोज करवतं का ते कळू दे.

कारण पॉलिशपेपरची तुमची भीती अगदीच खोटी नाही. सुरुवातीला घासकाम भरपूर असणार. ते चालेल, पण कशाच्या बदल्यात ते आधी ठरवून घ्या. आठवड्यातले किती दिवस शेडमधे, किती रेसिंग बोटींवर, कोणाच्या हाताखाली, स्टायपेंड किती, विमा आहे का, शेवटी सर्टिफिकेट काय, हे लेखी घ्या. आणि यॉटच्या मालकाचे पैसे मधेच संपले तर काय हेही विचारा, कारण रिस्टोरेशन असंच अर्ध्यावर अडकतं आणि शिकाऊ पोरं रिकामी बसतात.

एका गोष्टीवर मात्र अजिबात तडजोड नको. इपॉक्सीची, म्हणजे बोटींना लागणाऱ्या चिकट रेझिनची, ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते आणि मग हा पेशाच सोडावा लागतो, टू-पॅक, म्हणजे दोन भाग मिसळून लावायच्या, पेंटच्या फवाऱ्याने दमा होऊ शकतो, तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावतात तो अँटिफाउलिंग रंग विषारी असतो, तो कोरडा घासायचा नाही. हातमोजे, योग्य फिल्टरचा मास्क, धूळ ओढणारं मशीन, हे यार्डात खरोखर वापरलं जातं का ते कामाच्या दिवशी जाऊन डोळ्यांनी बघा. नसेल तर यॉट कितीही सुंदर असो, ती जागा नको.

मालकांशी बोलताना लेकीला पुढे बसवा, प्रश्न तिलाच विचारू दे, बाबांनाही न्या. आणि तिची स्वतःची रेसिंग बंद पडू देऊ नका, सीझनमधे रेसच्या दिवशी सुट्टी मिळेल का हेही त्याच कागदावर येऊ दे. करार हातात आला की सही करायच्या आधी मला पाठवा, एकदा नजर टाकते.