छोट्या डब्यातून एल ओतताना

परवा रंकाळ्यावर तुम्ही विचारलेत, की लीड्सच्या घरी केलेली एल (एक प्रकारची बिअर) 5 लिटरच्या डब्यातून गढूळ आणि नुसती फेसाळ का येते. इथे कोल्हापुरात परवान्याशिवाय घरी मद्य करता येत नाही, त्यामुळे सुट्टीहून परत गेल्यावर पुढचा प्रयोग तिथेच करावा, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या मते चूक साखरेची आहे. वायू तयार व्हावा म्हणून बाटल्यांना लागते तेवढी साखर तुम्ही डब्यात घातलीत, म्हणून एवढा फेस. पिंपातल्या किंवा अशा डब्यातल्या एलला लिटरमागे 2 ते 3 ग्रॅम पुरते. आपला गूळ नेणार असाल तर तो पाण्यात उकळून गाळून घ्यावा. गडद एलमध्ये त्याची चव फार शोभते, फिकट एलमध्ये मात्र ती हॉप्सला (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांना) झाकून टाकते.

आठवडाभर उबेत ठेवल्यावर डबा जिथून ओतायचा तिथेच, 11 ते 13 अंशांत, दोन दिवस आधी मांडावा आणि नंतर अजिबात हलवू नये, कारण तळाशी बसलेले यीस्ट जराशा धक्क्यानेही वर येते. फ्रीजमध्ये चव दबते.

झडप उघडून ओतू लागलात की हवा आत शिरते, तेव्हा 2-3 दिवसांत डबा संपवावा. एवढे पिणारे नसतील तर पॉलिपिन (खोक्यात बसवलेली तोटीची प्लॅस्टिकची पिशवी) घ्यावे: एल काढाल तशी ती पिशवी आक्रसते आणि हवेला वाव राहत नाही. ओतण्यापूर्वी ती टम्म फुगली, तर तोटी वरच्या बाजूला धरून थोडा वायू सोडावा.