भंडारदऱ्याच्या काठी तीन खोल्या

चि. होतकरू यजमानास,
अनेक आशीर्वाद.

घरातल्या तीन खोल्या पाहुण्यांसाठी काढायच्या, मुक्काम आणि सकाळची न्याहारी द्यायची, हा बेत चांगला आहे. पण तुझ्या पत्रात खिडकीतून दिसणाऱ्या पाण्याबद्दल दीड पान आहे आणि ओलीबद्दल एक शब्द नाही. जलाशय पाहायला माणूस एकदा येतो. दुसऱ्यांदा येतो तो कोरडं अंथरूण, कढत पाणी आणि गरम न्याहारी मिळाली म्हणून. हे पत्र त्या दुसऱ्या खेपेसाठी आहे.

जलाशयाबद्दल एकच सांगतो. भंडारदऱ्याचं विल्सन धरण 1926 साली पुरं झालं ते खालच्या प्रवरा खोऱ्यातल्या शेतीसाठी. साधारण ऑगस्टात ते भरतं, उन्हाळी आवर्तनं, म्हणजे शेतीला पाळीने सोडायचं पाणी, सुटली की पाणी मागे सरकतं आणि मे महिन्यात तुझ्या अंगणासमोर भेगाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. ऑक्टोबरातला फोटो दाखवून मे महिन्याची खोली विकलीस तर पाहुणा भांडणार, आणि त्याचं बरोबर असणार. दर महिन्याच्या पंधरा तारखेला एकाच जागेवरून एक फोटो काढ आणि त्या-त्या महिन्याचाच फोटो चौकशी करणाऱ्याला पाठव. मे अखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात लोक काजव्यांसाठी येतात, तेव्हा पाणी किती आहे हे कुणी विचारत नाही. त्या दिवसांत बाहेरचे मोठे दिवे मात्र सक्त बंद. उजेडात काजवे दिसत नाहीत आणि त्यांचं जुळणंही बिघडतं. आणखी एक: पाणी ओसरल्यावर उघडी पडलेली गाळपेराची जमीन पाटबंधारे खात्याची असते. मोकळी दिसते म्हणून तिथे तंबू ठोकू नकोस.

आता ओल. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत तिकडे कपडे वाळत नाहीत, ते फक्त गार होतात. दर पलंगाला चादरी-अभ्र्यांचे चार जोड ठेव: एक पलंगावर, एक धुण्यात, एक वाळत, एक कपाटात. उन्हाळ्यात तीन पुरतात, पण पावसाळ्यात तीनच असले की रविवारी संध्याकाळी दमट चादर घालायची वेळ येते, आणि दमट चादरीचा वास पाहुणा घरी जाईपर्यंत विसरत नाही. धुलाई यंत्र घेताना पिळण्याचा वेग मिनिटाला हजार फेऱ्यांच्या वर आहे ना ते बघ. चादर जितकी कोरडी पिळली जाईल तितकं वाळवणं कमी. बंबाच्या शेजारची खोली वाळवणीसाठी राखून ठेव, धुराडं तिच्या भिंतीलगत न्यायचं, वर दोऱ्या बांधायच्या, छताजवळ वाफ बाहेर जायला झरोका ठेवायचा. झरोका नसेल तर तीच वाफ फिरून कपड्यांवर बसते.

गाद्या कापसाच्या नकोत. कापूस ओल धरून ठेवतो आणि ऊन नसेल तर सोडत नाही. काथ्याच्या गाद्या घे, फळ्यांमध्ये बोटभर फटी असलेल्या पलंगावर, भिंतीपासून वीतभर लांब. रजईला जाड खोळ हवी, खोळ दर पाहुण्यामागे धुवायची. जुन्या मातीच्या किंवा दगडी भिंतींना आतून चुनाच लाव. प्लॅस्टिक रंग पहिल्या वर्षी चकचकीत दिसतो, दुसऱ्या पावसाळ्यात मागे अडकलेली ओल त्याला फुगे आणते. खोली रिकामी असली तरी रोज दोन तास पंखा चालू आणि कपाटाची दारं उघडी. बुरशीचा काळा ठिपका दिसला की त्याच दिवशी पुसून कोरडा कर, आठवड्याने तो भिंतभर झालेला असतो.

कढत पाण्याचं गणित कागदावर मांड. तीन खोल्या, सहा माणसं, आणि सगळ्यांना अंघोळ साडेसात ते साडेआठ याच तासात हवी. पंधरा लिटरचा, दोन हजार वॅटचा गिझर गार पाणी चांगलं तापवायला वीस-पंचवीस मिनिटं घेतो. त्यात सोसेल इतकं गार पाणी मिसळून दीडएक माणसाची अंघोळ होते. तीन गिझर एकदम लागले की सहा हजार वॅट, आणि गावातला दाब तेव्हाच पडलेला असतो. पाणी कोमट राहतं आणि दोष तुझ्या पदरात येतो. सौर बंब पावसाळ्यात, म्हणजे ऐन गर्दीत, कामाचा नाही. म्हणून पंचवीस लिटरचे गिझर घे, पहाटे सहापासून आळीपाळीने लाव आणि जोडीला मागच्या अंगणात लाकडाचा मोठा बंब ठेव. वीज गेली तरी बादली दारात पोचली पाहिजे. गॅसचा गिझर बसवायचाच असेल तर न्हाणीघराच्या बाहेर, उघड्यावर. बंद न्हाणीत त्याच्या जळण्यातून निघणारा विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो आणि त्याने माणसं दगावतात. यात तडजोड नाही.

इन्व्हर्टरवर फक्त दिवे, पंखे आणि इंटरनेटचा डबा. तीन कमी विजेचे पंखे, सहा एलईडी दिवे आणि तो डबा मिळून दीडशे वॅटच्या आसपास जातात. 150 अँपिअर-तासांच्या एका चांगल्या बॅटरीवर सहा-सात तास निघतात. कुणी चहाची किटली लावली की अर्ध्या रात्री अंधार. इन्व्हर्टरची जोडणी वेगळी काढून घे, म्हणजे पाहुण्याला सूचना द्यावी लागत नाही.

पिण्याचं पाणी पावसाळ्यात गढूळ होतं. आधी तुरटी फिरवून निवळू दे, वरचं पाणी दुसऱ्या टाकीत घे, मग हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, थोड्या पाण्यात कालवून, गाळ खाली बसू देऊन वरचं निवळ तेवढं टाकायचं. एक तास थांबल्याशिवाय वापरायचं नाही. गढूळ पाण्यातच पावडर टाकली तर ती मातीतच खर्ची पडते. पावडरचं पाकीट उघडं राहिलं की तिचा जोर जातो, म्हणून लहान पाकिटं घे.

संडासाची टाकी हा तुझ्या घराचा सगळ्यात दुर्लक्षित भाग असणार. घरची चार आणि पाहुणे सहा अशा दहा माणसांचा हिशेब धर. तुमच्याकडे वीतभर मातीखाली कातळ लागतो, तिथे शोषखड्डा शोषत नाही आणि जुलैत पाणी उलटं फिरून भांड्यात गुडगुडायला लागतं. खड्डा विहिरीपासून किमान वीस मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा, पण जलाशयाकडे वाहणाऱ्या ओहोळाच्या वाटेवर नको. टाकीत फिनेल-ॲसिड ओतत बसू नकोस. मैला कुजवणारे जंतू मेले की टाकी लवकर भरते. दर दोन-तीन वर्षांनी उपसा करायचा, तोही मे महिन्यात, कारण पावसात उपशाची गाडी तुझ्या रस्त्याने येणार नाही.

न्याहारीत सहा प्रकार मांडायचा मोह टाळ. दोन पदार्थ, दोन्ही गरम. सहा जणांना अर्धा किलो जाडे पोहे, तीन मध्यम कांदे, दोन बटाटे, पाच-सहा मिरच्या, मूठभर शेंगदाणे. पोहे चाळणीत वाहत्या पाण्याखाली धुवायचे, भिजत ठेवायचे नाहीत. दहा मिनिटं निथळू दिले की मीठ-साखर त्यांनाच चोळायची, मग सगळीकडे सारखी लागते. फोडणीत पडल्यावर मंद आचेवर चार मिनिटं झाकण. चिरणं-निवडणं आदल्या रात्री, पण फोडणी पाहुणा चहा घेऊन बसल्यावर. आधी करून झाकून ठेवलेले पोहे कडक होतात आणि पुन्हा गरम केले की चिवट. दुसरा पदार्थ तुमच्या मातीतला असू दे: नागलीची भाकरी, खुरासणीची (कारळ्यांची) चटणी, लोणी. शहरातल्या पाहुण्याला ब्रेड-जॅम घरी मिळतो. भाकरी मात्र ज्या हाताला येते त्याच हाताने थापावी, आणि ती बाई शेजारची असेल तर तिला रोजचे पैसे रोज द्यावेत.

कळसूबाईला जाणारे पहाटे पाचला पायथ्याच्या बारी गावाकडे निघतात. त्यांची न्याहारी बांधून द्यायची आहे का, हे रात्री नवाच्या आत विचार. रात्रीच्या जेवणाची वर्दी दुपारी चारपर्यंतच घे. साडेआठला कुणी कोंबडी मागितली तर हसून नाही म्हणायला शीक. स्वयंपाकाला घरगुती सिलिंडर चालत नाही, 19 किलोचा व्यावसायिक घे.

पाण्याशी मस्करी नको. धरणाच्या पाण्यात काठ एकदम खोल होतो, तळाला गाळ असतो आणि बुडालेली झाडं-दगड वरून दिसत नाहीत. पोहता येणारेही बुडतात, कारण ते बेधडक आत जातात. अंधार पडल्यावर आणि दारू घेतल्यावर पाण्याकडे जायचं नाही, हा नियम खोली ठरवतानाच लेखी सांग, आल्यावर तोंडी सांग. काठाकडच्या वाटेवर बुडणाऱ्याकडे फेकायची तरंगती कडी आणि वीस मीटर तरंगता दोर टांगून ठेव. जीवरक्षक जाकिटं लहान मुलांच्या मापाचीही हवीत. मोठं जाकीट मुलाच्या डोक्यावरून निसटतं. बुडणाऱ्याकडे दोर फेकायचा, उडी मारायची नाही, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. साप चावला तर बांधणं-चिरणं काही नाही: माणसाला निजवून ठेवायचं, 108 ला फोन, आणि प्रतिविष कुठल्या सरकारी दवाखान्यात हमखास असतं ते जूनच्या आधी स्वतः जाऊन विचारून ठेव.

कागदपत्रांचं थोडक्यात. पर्यटन संचालनालयाकडे निवास व न्याहारी योजनेत नोंदणी कर. या योजनेत मालकाने त्याच घरात राहणं अपेक्षित असतं, तेव्हा पुण्यात बसून चालवायचा विचार असेल तर सोडून दे. अन्नपदार्थांसाठी एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंद, ग्रामपंचायतीचा दाखला, प्रत्येक पाहुण्याचं ओळखपत्र, आणि परदेशी पाहुणा असेल तर चोवीस तासांत ऑनलाइन कळवणं. रतनवाडी, साम्रद, घाटघर ही गावं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात, तिकडे एक वीट रचण्याआधी वनविभागाला विचार. शेजारची जागा कुणी ‘स्वस्तात’ देऊ केली तर सातबारा वाच. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि नोटरीच्या कागदाने ती तुझी होत नाही.

पैशांचं. समज, खोलीचे 2,500 रुपये धरलेस. बुकिंगच्या संकेतस्थळाने 15 ते 20 टक्के दलाली घेतली तर 375 ते 500 गेले. दोघांची न्याहारी 225, धुणं 100, पाणी तापवायचे 50, साफसफाईची मजुरी 150. हातात पंधराशेच्या मागेपुढे राहतात, आणि ते बहुतेक शनिवार-रविवारीच. कर्ज काढायचं तर हप्ता फक्त शनिवारच्या रात्रींवर बसतो का ते बघ. बसत नसेल तर तिसरी खोली पुढच्या वर्षी. आलेल्या पाहुण्याला निघताना तुझा नंबर दे, पुढच्या वेळी थेट फोन करायला सांग. आणि खोली पक्की झाली की त्याच संदेशात लिही: पेट्रोल घोटीलाच भरा, रोख पैसे जवळ ठेवा, शेंडी गावाच्या पुढे फोन लागेलच असं नाही.

पहिला पाहुणा घेण्याआधी, जुलैतल्या एखाद्या शनिवारी, नात्यातली सहा माणसं बोलावून तिन्ही खोल्यांत निजव. तू स्वतः सगळ्यात खराब खोलीत नीज. सकाळी साडेसातला तिन्ही न्हाण्यांत एकदम पाणी सोडायला सांग, त्याच वेळी पोहे फोडणीला टाक, आणि काय अडलं ते लिहून मला पाठव.

कळावे,
काका