कोन फिल्टर बसवू का?

गाडीची देखभाल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, माझी २०१९ची पेट्रोल स्विफ्ट आहे. ६२,००० किलोमीटर झालेत. सासुरवाडी चिपळूणची, त्यामुळे महिन्यातून एकदा कऱ्हाड-चिपळूण फेरी होतेच. परतताना कुंभार्ली घाटात चार माणसं आणि एसी असला की गाडी अगदी दमते. मित्रानं त्याच्या गाडीला उघडा कोन फिल्टर (इंजिनात जाणारी हवा गाळणारा, मूळ डबा काढून लावायचा शंकूच्या आकाराचा फिल्टर) बसवलाय, पिकअप वाढला म्हणतो. दुकानदार ९,५०० रुपये सांगतोय. ८ बीएचपी ताकद वाढेल आणि एव्हरेजही सुधारेल असं त्याचं म्हणणं आहे. बसवू का?
— एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : बसवू नका. कारण सविस्तर सांगतो, कारण हा प्रश्न या वर्षात माझ्याकडे आलेला सहावा आहे आणि विचारणारी सगळी मुलं कष्टाचे पैसे घालवायला निघालेली आहेत.

आधी इंजिनाला हवा किती लागते ते बघा. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे ९,००० लिटर हवा लागते. गच्चीवर हजार लिटरच्या पाण्याच्या टाक्या असतात, तशा नऊ टाक्या भरून. तुमची गाडी लिटरला पंधरा किलोमीटर देत असेल, तर दर पंधरा किलोमीटरला नऊ टाक्या हवा त्या कागदी फिल्टरमधून जाते. एवढी हवा आत घेताना तिच्यातली धूळ बाहेर रोखायची, हे फिल्टरचं पहिलं काम. ताकदीचा विचार त्यानंतर.

आता ताकदीचं. १२०० सीसीचं इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर फिरतं तेव्हा मिनिटाला ३,००० लिटरांच्या आसपास हवा ओढतं. एवढ्या जोरात ओढतानाही, चांगल्या अवस्थेतला मूळ फिल्टर, त्याचा डबा आणि पाईप मिळून हवेचा दाब साधारण दोन-तीन टक्क्यांनीच घटवतात. त्यात कागदाचा वाटा आणखी कमी. समजा नव्या फिल्टरनं त्यातला एक टक्का वाचवला. तुमचं इंजिन ८३ बीएचपीचं. त्याचा एक टक्का म्हणजे एक बीएचपीसुद्धा नाही, आणि तोही फक्त पॅडल तळाला टेकवून इंजिन पूर्ण फिरवलं तरच. मग ८ बीएचपी येणार कुठून?

एव्हरेजचा तर संबंधच येत नाही. तुम्ही महामार्गावर ८०च्या वेगानं चालता तेव्हा थ्रॉटलची, म्हणजे पॅडल दाबलं की हवेची वाट उघडणारी चकती जेमतेम उघडलेली असते. हवेची वाट तिथं मुद्दामच आवळलेली असते, कारण तेवढीच ताकद हवी असते. त्या चकतीच्या आधीचा फिल्टर कितीही मोकळा केला तरी त्याच वेगासाठी हवा तेवढीच लागणार आणि गाडीतला संगणक त्या हवेच्या मापानं पेट्रोलही तेवढंच सोडणार. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनं २००९ मध्ये गाड्यांचे फिल्टर मुद्दाम चोंदवून चाचण्या घेतल्या. इंजेक्शनच्या गाड्यांच्या एव्हरेजमध्ये लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. फरक पडला तो वेग पकडण्यात. जुन्या कार्ब्युरेटरच्या (संगणकाविना पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या) गाडीचं एव्हरेज मात्र घसरलं होतं. ‘फिल्टर बदलला की एव्हरेज वाढतं’ हा समज त्या काळापासून आपल्या डोक्यात राहिला आहे. पद्मिनी आणि अॅम्बेसेडर चालवलेल्या माणसाला तो पटतोही, कारण त्यानं तो अनुभवलेला असतो.

मित्राला पिकअप वाढल्यासारखा वाटतो, तो खोटं बोलत नाही. मूळ डब्याच्या पाईपावर आवाज जिरवण्यासाठी बंद कप्पे केलेले असतात. ते काढून उघडा कोन लावला की हवा ओढल्याचा घुमारा थेट कानावर येतो. गाडी जास्त बोलते म्हणून ती जास्त पळते असं वाटतं. गेल्या मे महिन्यात माझ्या पुतण्यानं असाच फिल्टर आणला, तेव्हा आम्ही दोघांनी साताऱ्याबाहेरच्या एका सपाट, मोकळ्या रस्त्यावर पहाटे घड्याळ लावून बघितलं. तिसरा गिअर, ४० ते ८०, जाताना तीनदा आणि येताना तीनदा. मूळ फिल्टरवर ७.९ ते ८.४ सेकंद. कोनवर ८.० ते ८.३. म्हणजे फरक नाहीच. मग गाडी अर्धा तास पोवई नाक्याच्या गर्दीत फिरवून लगेच पुन्हा तेच केलं, तर कोनवर ८.८ लागले. पुतण्या गप्प झाला. त्यानंच स्कॅनर लावून आत येणाऱ्या हवेचं तापमान दाखवलं, ६१ अंश. मूळ डबा परत बसवून तीच फेरी मारली तर ४३.

तुम्ही ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही आहे. कंपनीच्या पाईपाचं तोंड बॉनेटच्या पुढच्या कडेला, जाळीमागं असतं. तिथून बाहेरची थंड हवा येते. उघडा कोन रेडिएटर आणि एक्झॉस्टच्या शेजारी बसतो आणि त्यांची तापलेली हवा ओढतो. हवा दहा अंशांनी तापली की सुमारे तीन टक्क्यांनी विरळ होते. कागद काढून एक टक्का मिळवायचा आणि गरम हवा ओढून पाच-सहा टक्के घालवायचे, असा हा व्यवहार आहे. घाटातही वर चढाल तशी हवा विरळच होत जाते. पोलादपूरहून आंबेनळी चढून महाबळेश्वरला पोचलात की हवेची घनता बारा टक्क्यांच्या आसपास कमी झालेली असते. टर्बो (हवा दाबून इंजिनात ढकलणारा पंखा) नसलेली प्रत्येक गाडी तिथं तेवढी हलकी पडते, आणि कुठलाही फिल्टर ते भरून काढू शकत नाही.

धुळीबद्दल मला जास्त काळजी वाटते. एसटीच्या सातारा विभागीय कार्यशाळेत मी २९ वर्षं काढली. नंतर स्वतःचं गॅरेज टाकलं. एका शेतकऱ्याची जीप आली होती. ऑईल खात होती, सायलेन्सरमधून निळा धूर. इंजिन खोललं तर रिंगा झिजून पातळ झालेल्या आणि सिलिंडरच्या भिंती आरशासारख्या गुळगुळीत. फिल्टर नवा होता. पण फिल्टरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी होजला नखाएवढी चीर होती. तेवढ्यातून दोन हंगाम उसाच्या रस्त्यांवरची माती आत गेली. आपल्या मातीतले गारेचे कण लोखंडापेक्षा कठीण असतात. ऑईलमध्ये मिसळले की ते पॉलिश पेपरसारखं घासतात. त्या माणसाला इंजिनाच्या कामासाठी पतसंस्थेचं कर्ज काढावं लागलं. हे मी विसरू शकत नाही. म्हणून जास्त हवा सोडणारा फिल्टर कुणी दाखवला की मी आधी विचारतो, धूळ किती सोडतो? स्वस्तातल्या कोनच्या खोक्यावर याचं उत्तर छापलेलं नसतं.

तर घाटात काय करायचं? पहिलं, मूळ कागदी फिल्टर बाहेर काढून बघा. तुमच्या रस्त्यांवर पुस्तिकेतल्या अंतराआधीच तो बदलावा लागेल. जेन्युइन फिल्टर काही शे रुपयांना मिळतो. तो काढलाच आहे तर फिल्टरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या पाईपात पांढरा रुमाल फिरवा. रुमालाला माती लागली तर चीर किंवा सैल क्लिप शोधा, बाकी सगळं नंतर. मग थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या, प्लग तपासा, चारही चाकं उचलून हातानं फिरवा. ब्रेक चिकटत असेल तर गाडी सपाटीवर कळू देत नाही, घाटात मात्र दमते. टायरमध्ये हवा चार माणसांच्या वजनाची भरा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गिअर. या इंजिनाची खरी ओढ ४,००० फेऱ्यांच्या आसपास आहे. तुम्ही तिसऱ्यात २,०००वर गाडी रेटत असणार. वळण यायच्या आधीच दुसरा टाका, काटा ३,५००च्या वर राहू द्या. इंजिन ओरडतं म्हणून घाबरू नका, ते त्याच वेगासाठी बनवलेलं आहे. उभ्या चढावर दोन मिनिटं एसी बंद ठेवलात तर फरक पाठीला जाणवेल.

एवढं करूनही चढत नसेल तर क्लच बघून घ्या. ६२,०००ला तो घसरायला लागलेला असू शकतो.

प्रश्न : मी डिझेल गाडीत मूळ डब्यातच बसणारा, धुता येणारा कापडी फिल्टर टाकला. परवा धुऊन त्याला तेल लावलं आणि दुसऱ्या दिवसापासून इंजिनाचा पिवळा दिवा लागलाय. गाडी उचलतही नाही. फिल्टर खराब निघाला का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, फिल्टर खराब नसावा, तेल जास्त झालं असावं. या प्रकारात कापसाच्या जाळीला लावलेल्या चिकट तेलात धूळ अडकते. तेल थोडं जास्त झालं तर हवेबरोबर पुढं उडतं. डिझेल गाडीत फिल्टरनंतर लगेच हवा मोजणारा सेन्सर असतो. त्यात तापवलेली बारीक तार किंवा पापुद्रा असतो. हवा त्याला जितकं गार करते त्यावरून संगणक हवा किती आली ते ठरवतो. त्यावर तेलाचा थर बसला की मोजमाप चुकतं आणि दिवा लागतो.

सेन्सरचा खास स्प्रे मिळतो, तोच वापरा. ब्रेक क्लीनर नको, कापसाचा बोळाही नको, बोट तर अजिबात लावू नका. सुकल्यावर बसवून मेकॅनिककडून संगणकातला दोषाचा कोड पुसून घ्या. तरीही दिवा आला तर सेन्सर बदलावा लागेल आणि तो महाग असतो. तोवर कागदी फिल्टर घाला. माझं मत विचाराल तर कायमच घाला. टर्बोच्या गाडीत पंख्याचा दाब किती ठेवायचा हे संगणक सांभाळतो, त्यामुळे फिल्टर थोडा मोकळा झाल्यानं ताकद वाढत नाही. आणि मिनिटाला दीड लाख फेऱ्यांच्या वर फिरणाऱ्या त्या पंख्याच्या पात्यांवर सगळ्यात आधी आदळते ती फिल्टरमधून सुटलेली धूळच.

कागदी फिल्टर मात्र धुऊ नका आणि कॉम्प्रेसरची नळी टेकवून मारूही नका. कागदाला सुईएवढी भोकं पडतात. अंधारात आतून टॉर्च धरा, ठिपके दिसले की फेका. थोडा मळलेला कागद नव्यापेक्षा धूळ जास्त चांगली अडवतो, त्यामुळे दर आठवड्याला डबा उघडायची गरज नाही.

प्रश्न : गाडीला बंपरच्या आत खाली उतरणारा ‘कोल्ड एअर’ पाईप आधीच्या मालकानं बसवलाय. काल पनवेलजवळ गुडघाभर पाण्यात गाडी बंद पडली. अजून पुन्हा सुरू करून बघितली नाही.
— एक वाचक, पनवेल

उत्तर : चावीला हात लावू नका. तो पाईप थंड हवा आणतो हे खरं, पण त्याचं तोंड टायरच्या उंचीला आहे. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, आणि स्टार्टर मारताच पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. गाडी टो करून न्या. आधी फिल्टर बघायला सांगा. तो ओला असेल तर चारही प्लग (डिझेल असेल तर ग्लो प्लग किंवा इंजेक्टर) काढून इंजिन पान्यानं हातानं फिरवायचं, मगच स्टार्टर. ऑईलचा रंग दुधाळ असेल तर ते आणि ऑईल फिल्टर दोन्ही बदला. काम संपल्यावर जुन्या बाजारातून कंपनीचा मूळ डबा आणि पाईप शोधून बसवून घ्या, पावसाचे अजून दोन महिने आहेत.